दोन कडव्यांची मुदत

शमुवेलराव,

परवा कारखान्याच्या सभागृहात सगळ्यांनी उभे राहून तुम्हाला दोन मिनिटे श्रद्धांजली वाहिली. मी बसून राहिलो.

गुडघ्यांचे कारण मला सांगता आले असते. शेजारच्या सभासदाने तर ते माझ्या वतीने मागच्या रांगेला कुजबुजत सांगितलेही. मी ते तिथल्या तिथे नाकारले. माझे गुडघे ठीक आहेत. मी समजून-उमजून बसलो होतो आणि तसे इतिवृत्तात नोंदवावे, अशी विनंती मी सभा संपण्यापूर्वी केली. नोंद झालेली नाही. त्याविषयी स्वतंत्र पत्र गेले आहे.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "अण्णा, तुमच्या पत्रांना टाचणी लावायला कारखान्यानं एक माणूस ठेवलाय, त्याच्या पोटावर पाय नको म्हणून लिहिता का?" हे तुम्ही माझ्या तोंडावर अनेकदा म्हणालात. मी दर वेळी रागावलो आणि दर वेळी चहा सांगितला.

ठरावात तुम्हाला 'कर्तव्यदक्ष वीजघरप्रमुख' म्हटले आहे. त्याखाली उपाध्यक्षांची सही आहे. हीच सही तुमच्या आरोपपत्राखालीही आहे आणि तिथे शब्द आहेत 'कर्तव्यात अक्षम्य कसूर'. माणूस तोच, सही करणारा हात तोच. या दोन कागदांपैकी एक खोटा आहे. कोणता खोटा, हे मंडळाने ठरवावे. ते ठरेपर्यंत मी कोणाच्या सांगण्यावरून उभा राहणार नाही.

आपली ओळख भांडणातून झाली, हे मला आज विशेष बरे वाटते. न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त होऊन मी सोनईला परतलो, चार एकर ऊस लावला, आणि पहिल्याच हंगामात माझ्या गाड्या वजनकाट्यावर दिवसभर उन्हात अडकल्या, कारण कारखान्याची वीज गेली होती. मी तुमच्याविरुद्ध तीन पानी तक्रार केली. तिला लेखी उत्तर न देता तुम्ही स्वतःच सायकलवरून माझ्या ओट्यावर आलात. डोक्यावर ती टोपी, जी तुम्ही चर्चखेरीज कुठेच काढत नसा. माझे पत्र खिशातून काढलेत आणि म्हणालात, "यातला दुसरा परिच्छेद चुकीचा आहे, बाकी सगळं खरं आहे. आत येऊ का?"

आयुष्यभर मी वादी पाहिले, प्रतिवादी पाहिले. स्वतःविरुद्धच्या तक्रारीतली निम्मी बाजू पहिल्याच वाक्यात मान्य करणारा माणूस मी पाहिला नव्हता. दुसऱ्या परिच्छेदाबद्दल मात्र आपण संध्याकाळपर्यंत भांडलो.

त्या दिवशी तुम्ही मला कारखाना समजावून सांगितलात. मी तो कुंपणापलीकडून पाहिलेला होता. आपला टर्बाइन म्हातारा झाला होता. निम्मा भार बाहेरून येणाऱ्या तारेवर होता आणि दुष्काळाने धरणे आटल्यावर त्या तारेचा भरवसा राहिला नव्हता. वीज गेली की हाताशी उरे ते एक लहान डिझेल इंजिन. त्यावर सगळे चालणे शक्य नव्हते. आणि कारखाना हा काही दिवा नव्हे की विझला तर विझला. तुम्ही म्हणालात, गव्हाणीत ऊस पडतच राहिला तर त्याला पिळणाऱ्या लाटांकडे नेणारा पट्टा तुंबतो. बॉयलरचे पाणी थांबले तर बॉयलर धोक्यात येतो. आणि पॅनमध्ये शिजून दाणा धरलेला गरम पाक मोठ्या हौदांत ढवळत ढवळत थंड करावा लागतो. ती ढवळणी थांबली की तोच पाक हौदाच्या आकाराचा दगड होतो. मग पहारी घेऊन माणसे आत उतरवायची.

"मग आत्तापर्यंत वीज गेल्यावर काय करत होतात?" मी विचारले.

"जो ज्याच्याजवळ असतो, तो ते बंद करतो," तुम्ही म्हणालात. "आणि नंतर सगळे मिळून ओरडतात."

हे ऐकून माझ्यातला शिरस्तेदार खडबडून जागा झाला, हे मी लपवत नाही. काय आधी थांबवायचे, काय नंतर, काय शेवटपर्यंत चालू ठेवायचे, हे लिहिलेले असले पाहिजे. आणि असे लिहिलेले असले पाहिजे की तुम्ही रजेवर असलात, आजारी असलात, तरी पाळीवरच्या कोणत्याही माणसाने ते वाचून जसेच्या तसे करावे. तुम्ही नसाल तेव्हासाठी म्हणूनच ते लिहायचे होते. हे वाक्य मी त्या दिवशी किती सहज बोलून गेलो.

पुढचा पावसाळाभर आपण तो क्रम लिहीत होतो. पाऊस नव्हताच, त्यामुळे तुमची एकही फेरी चुकली नाही. माझा पहिला मसुदा तुम्ही मोठ्याने वाचलात आणि थांबलात. मी लिहिले होते : 'वीजपुरवठा खंडित झाल्याचे निदर्शनास येताच संबंधित कर्मचाऱ्याने, अन्यथा निर्देश नसल्यास, गव्हाणीचा पट्टा थांबवावा, तथापि मिलच्या लाटांतील ऊस पूर्णतः बाहेर पडेपर्यंत मिल थांबवू नये.' मला ते वाक्य आजही आवडते. तुम्ही म्हणालात, "अण्णा, घाबरलेल्या माणसाला 'तथापि' कळत नाही."

मी त्या शब्दासाठी लढलो. हरलो. एका कलमात एकच क्रियापद, असा तुमचा हट्ट होता. गव्हाण थांबवा. लाटा रिकाम्या होऊ द्या. मिल थांबवा. पॅनमधला पाक हौदात सोडा. साखरेची मशिने रिकामी करून थांबवा. मग डिझेल इंजिनावर घ्या फक्त बॉयलरचा पाण्याचा पंप, हौदांची ढवळणी, आणि या दोन्ही ठिकाणचा एकेक दिवा. बाकी काहीही घेऊ नका. चाळीस वर्षे मी ज्या भाषेत लिहिले, तिचे तुम्ही असे एकेक पान खुडत गेलात, आणि जे उरले ते मी लिहिलेल्या कोणत्याही अर्जापेक्षा अधिक कायद्याचे होते. हे मी तुम्हाला कधी म्हणालो नाही. तुम्ही आधीच फार ऐटीत होता.

एक कलम मात्र माझे आहे, आणि ते मी तुमच्या मनाविरुद्ध घातले : 'हा क्रम सुरू करण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही.' तुम्ही त्यावर मान हलवली होती. "कागदावर लिहिलं म्हणून साहेब गप्प बसत नसतो," म्हणालात. मी म्हणालो, साहेबाला गप्प बसवण्यासाठी ते नाहीच. साहेब बोलू लागला तर तुमच्या माणसाला बोट ठेवायला जागा असावी म्हणून आहे.

आणि मग मुदतीचा तो वाद, जो आपण संपवला नाही.

वीज गेल्यावर लगेच क्रम सुरू करायचा की थोडे थांबायचे? बहुतेक वेळा ती जाते आणि परत येते. प्रत्येक झटक्याला कारखाना उतरवला तर हंगामात साखर कमी आणि धावपळ जास्त. म्हणून थोडे थांबायचे, हे मला पटले. पण किती? मी म्हणालो, मिनिटे लिहा. तुम्ही म्हणालात, वीजघरातले भिंतीवरचे घड्याळ विजेवरच चालते. मनगटी घड्याळे पाळीत दोघांकडे, आणि त्या दोघांचे एकमेकांशी पटत नाही. मी म्हणालो, मग आकडे मोजा. तेव्हा तुम्ही टोपी मागे सरकवलीत आणि म्हणालात, "भ्यालेला माणूस आकडे धावत मोजतो, अण्णा. गाणं धावत म्हणता येत नाही."

तुमची मुदत होती उपासनेतल्या एका गीताची दोन कडवी. शांतपणे, चालीत. तेवढ्यात वीज आली तर उत्तम, नाही आली तर पहिले कलम.

मी संतापलो. हे मोजमाप कोणत्या कायद्यात बसते? कोणते गीत, कोणती चाल, म्हणणारा दमेकरी असेल तर? उद्या न्यायालयात विचारले, नक्की किती वेळ थांबलात, तर काय सांगाल?

"म्हणून दाखवीन," तुम्ही म्हणालात.

वीजघराच्या भिंतीवर क्रमाचा फलक लागला, त्यावर शेवटी 'दोन कडवी थांबा' असेच रंगवले गेले. माझ्या प्रतीवर मी लाल शाईने लिहिले : 'मुदतीबाबत मतभेद कायम.' तुम्ही त्याखाली सही केलीत, जणू मतभेदालाही तुमची मंजुरी होती. मग म्हणालात, आता बंद करण्याचा क्रम झाला, पुढच्या वर्षी सुरू करण्याचा लिहू. मी म्हणालो, उलटा वाचला की झाले. तुम्ही हसलात. "उलटा वाचून कारखाना सुरू होत नाही, अण्णा. कसा होतो, ते सवडीनं सांगतो." ती सवड राहिली. मोळी टाकायला, बॉयलर पेटवायला आपल्याकडे मंडप असतो, नारळ असतो, फेटे असतात. पण पेटवल्यानंतर कोणते चाक आधी फिरवायचे, हे मंडपातल्या कोणालाच माहीत नसते, आणि आता मलाही ते कधी कळणार नाही.

आता त्या दुपारविषयी. चौकशीत माझी साक्ष 'बाहेरची व्यक्ती' म्हणून नाकारली गेली, तेव्हा ती मी इथे देतो.

मानाच्या पोत्याचे पूजन होते. पाहुणे आले होते, मंडप भरला होता, हार घातलेले पोते उघड्या तोंडाने वाट पाहत होते आणि पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत ताजी साखर त्यात पडायची होती. पंखे एकदम मंदावले, वीज गेली हे सगळ्यांना कळले. काही वेळाने पंखे पुन्हा फिरू लागले, लाउडस्पीकर खरखरला, लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. मी सोडला नाही. मंडपाबाहेरच्या रस्त्यावरचे दिवे बंदच होते. म्हणजे ही वीज तारेची नव्हती, डिझेल इंजिनाची होती. आणि लाउडस्पीकर त्या इंजिनावर सुरू असेल, तर ढवळणी धोक्यात असली पाहिजे. मी उठलो आणि वीजघराकडे निघालो.

तुम्ही स्विचांच्या फळीला पाठ लावून उभे होता. समोर उपाध्यक्ष, त्यांच्यामागे आणखी कोणी. मंडप आणि पंखे तुम्हाला न विचारता बाजूच्या फळीवरून आधीच जोडले गेले होते. आता त्यांना साखरेचे मशीनही हवे होते, आणि त्यासाठी ढवळणी बंद करायची होती. तुम्ही आवाज चढवला नव्हता. म्हणालात, "साहेब, पोतं उद्याही भरता येईल. हौदातला पाक उद्या हौदातच राहील."

"पाहुणे उद्या येणार आहेत का?" उपाध्यक्ष म्हणाले.

तुम्ही फलकाकडे बोट केलेत. माझ्या कलमाकडे. त्यांनी तिकडे पाहिलेही नाही. तुम्हाला बाजूला व्हायला सांगितले. तुम्ही झाला नाहीत. मग दोघांनी तुम्हाला दंडाला धरून बाजूला केले, आदराने, टोपी पडू न देता, आणि तिसऱ्याने ढवळणीचा स्विच ओढला. मंडपात साखर पडली. टाळ्या मला तिथपर्यंत ऐकू आल्या. हौदांतली पाती मात्र हलत नव्हती, आणि आपण दोघे पाकाकडे पाहत उभे होतो. त्यावर साय धरू लागली होती. नंतर कितीतरी दिवस पहारींचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

आरोपपत्राचे पहिले कलम : वरिष्ठांची आज्ञा मोडली. चौथे कलम : ढवळणी थांबू दिली. शमुवेलराव, जी आज्ञा मोडल्याचा तुमच्यावर आरोप आहे, ती आज्ञा ढवळणी थांबवण्याचीच होती. म्हणजे तुम्ही ती पाळली नाहीत म्हणून दोषी, आणि ती पाळली गेली म्हणूनही दोषी. खालच्या न्यायालयातला नवशिका कारकूनसुद्धा हा कागद परत पाठवील. मी तसे लिहिले. तुम्ही ते पत्र वाचून म्हणालात, "चांगलं आहे. दुसरा परिच्छेद काढा."

सुनावणीच्या आधीच, कामावर निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता तुम्ही गेलात.

दफनाच्या वेळी मी चर्चमध्ये पहिल्यांदा आलो. कुठे बसावे कळेना, तर तुमच्या मार्थाबाईंनी मला पुढे बोलावून घरच्यांत बसवले. नंतर, लोक पांगल्यावर, त्यांनी एकच गोष्ट मागितली. "अण्णा, त्यांच्या नावावर ते लिहिलंय ना, ते पुसलं गेलं पाहिजे. बाकी मला कारखान्याकडून काही नको." मी शब्द दिला. शब्द देताना मी कधी विशेषण वापरत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

मंडळाचे म्हणणे असे की इसम मयत झाल्याने चौकशी दप्तरदाखल करण्यात आली आहे. आता उगाच कशाला. हा युक्तिवाद मला पाठ आहे. मृत माणसाला शिक्षा देता येत नाही, हे खरे. पण त्याला निर्दोष ठरवता येत नाही, असे कोणत्याही कायद्याने म्हटलेले नाही. दप्तरदाखल म्हणजे आरोप पुसणे नव्हे, आरोप जपून ठेवणे. मी मागितले आहे ते असे : चौकशी पूर्ण करा, माझी साक्ष घ्या, निकाल लिहा. दया नको, 'दिवंगताविषयी सहानुभूती' तर मुळीच नको. तुम्ही जिवंतपणी कोणाची सहानुभूती घेतली नाहीत. ती आता तुमच्या नावाने मी स्वीकारणार नाही. नकार आला तर वरच्या कार्यालयात जाईन. तिथे नकार आला तर त्याच्याही वर. माझ्याकडे कागद आहे, शाई आहे, आणि निवृत्त माणसाजवळ असतो तेवढा वेळ आहे.

काल दुपारी ते पत्र द्यायला मी स्वतः कारखान्यात गेलो. टपालाने पाठवले तर पोच मिळत नाही. आवकजावकचा कारकून म्हणाला, पोच उद्या न्या. मी म्हणालो, थांबतो. थांबलो असतानाच डोक्यावरचा पंखा मंदावला आणि थांबला.

मी उठून वीजघराकडे गेलो. का, ते मला सांगता येणार नाही. त्या दुपारनंतर आपला फलक काढून टाकला गेला, हे मी ऐकले होते. भिंतीवर त्याच्या मापाचा उजळ चौकोन राहिला आहे. म्हणजे आता क्रम नाही, कलम नाही, तुम्ही नाही. माणसे काय करतील, हे मला पाहायचे होते. खरे म्हणजे, मला पाहायचे नव्हते.

पाळीवर भानुदास होता, तुमच्या हाताखाली फळी सांभाळणारा. मला पाहून त्याने स्टूल पुढे सरकवले, "बसा अण्णा," म्हणाला, आणि फळीजवळ जाऊन उभा राहिला. धावला नाही. कोणीच धावले नाही. इंजिनाजवळचा एक, दाराशी दोघे, सगळे आपापल्या जागी. आणि मग मला तो आवाज ऐकू आला. भानुदास गुणगुणत होता. तोंड मिटलेले, चाल संथ. चर्चची पायरी कधी न चढलेला तो माणूस तुमचे गीत म्हणत होता, आणि दारातले दोघे त्याच्यामागून सूर धरत होते. एकाचा सूर फार वाईट होता. तुम्ही त्याला नक्की टोकले असते.

पहिले कडवे संपत असताना कार्यालयाचा शिपाई आला. उपाध्यक्षसाहेबांच्या खोलीतला पंखा डिझेलवर घ्या, असा निरोप होता. भानुदासने हात वर करून त्याला थांबवले आणि दुसरे कडवे सुरू केले. शिपाई माझ्याकडे पाहू लागला. मी त्याच्याकडे पाहिले नाही. मी चाल ऐकत होतो. किती वेळ लागला, हे मी कोणत्याही न्यायालयात शपथेवर सांगू शकणार नाही. घाई कुठेही नव्हती, एवढे सांगेन.

दुसरे कडवे संपले. वीज आली नव्हती.

"गव्हाण थांबवा," भानुदास म्हणाला, आणि बाहेर तो शब्द एकाकडून दुसऱ्याकडे गेला. मग तो शिपायाकडे वळला. "सायबांना म्हनावं, पंख्याचं कलम न्हाई."

"त्यांना विचारायचं तरी," शिपाई म्हणाला.

"इचारायचंबी कलम न्हाई," भानुदास म्हणाला आणि कामाला लागला.

थोड्या वेळाने इंजिन धडधडले आणि हौदांवरचा एकच दिवा लागला. मी जाऊन पाहिले. पाती फिरत होती.

पोच मी घेऊन आलो आहे. साक्षीदार म्हणून आता भानुदासचेही नाव दिले आहे. त्याला विचारले, तर म्हणाला, घाला. मार्थाबाईंना आज दुपारी जाऊन सांगणार आहे की काम सुरू आहे.

मुदतीबाबतचा माझा मतभेद कायम आहे, शमुवेलराव. तो मी मागे घेतलेला नाही आणि घेणारही नाही. पण काल भानुदासने पुढे केलेल्या त्या स्टुलावर मी बसलो नाही. ती दोन्ही कडवी संपेपर्यंत मी उभा होतो.